आधी धडा

"सर, आधी धडा करा," सुलाबाई म्हणाल्या, आणि मी घसा खाकरला.

यात माझी चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. 'सर' आणि 'धडा' हे दोन शब्द एका वाक्यात कानावर पडले की उभं राहून बोलायला लागायचं, अशी एकोणीस वर्षांची सवय लागलेला माणूस दुसरं काय करणार? समोर सात बायका पोत्यांच्या किलतानावर बसून मनुके निवडत होत्या. मी उभाच होतो. हातात खडू नव्हता, पण सुलाबाईंनी नुकतीच दिलेली एक अल्युमिनियमची वाटी होती. मी म्हणालो, "वितरण म्हणजे उत्पादकाने तयार केलेली वस्तू अंतिम ग्राहकापर्यंत पोचवणारी साखळी." मग मी साखळीच्या कड्या सांगितल्या. मध्यस्थांचे प्रकार सांगितले. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असा फरक केला, तेव्हा वाटी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने हवेत एक उभी रेघ मारली. बायकांनी निवडणं थांबवलं होतं. एकीने डोक्यावरून पदर घेतला. वर्गात अशी शांतता मी एकोणीस वर्षांत अनुभवली नव्हती, त्यामुळे सारांशही सांगितला. नंतर समजलं, नवीन साहेब वजनकाट्याला हात लावण्याआधी काहीतरी म्हणतायत असं त्यांना वाटलं होतं. मालकांचे वडील, थोरले शेठ, होते तेव्हा दसऱ्याला एक गुरुजी यायचे आणि काट्यापुढे बराच वेळ असंच न समजणारं काहीतरी म्हणायचे. मी थांबलो तेव्हा दोघींनी नमस्कार केला. सुलाबाईंनी माझ्या हातून वाटी घेतली, काट्यावर ठेवली. लाल अक्षरांत एकसष्ट उमटलं. त्यांनी एक बटण दाबलं. एकसष्टाचं शून्य झालं. "झाला धडा," त्या म्हणाल्या. "आता भरा मनुके."

त्या बटणावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. सुलाबाईंना ते वाचता येत नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नव्हतं. रिकाम्या भांड्याचं वजन आधी काढून टाकायचं, म्हणजे नंतर काट्यावर दिसेल ते फक्त मालाचं, याला धडा म्हणतात. हे मला माहीत होतं. म्हणजे एके काळी माहीत होतं, हे मला त्या शून्याकडे बघताना आठवलं. नाशिकरोडला आई तेलाची बरणी घेऊन दुकानात जायची आणि मला बरोबर न्यायची. दुकानदार एका पारड्यात बरणी ठेवायचा, दुसऱ्यात वजनं, आणि उरलेल्या फरकासाठी खडे टाकायचा, चार खडे, मग एक काढायचा, मग बारीकसा एक टाकायचा. तराजूचा काटा मधे येऊन थरथरत थांबला की आई माझा हात सोडायची. तोवर घट्ट धरलेला असायचा. "धडा नीट झालाय ना?" ती विचारायची आणि दुकानदार दुखावल्यासारखा बघायचा. पुढे मी शाळेत गेलो, तिथे धडा पुस्तकात होता. मग मी तो इतकी वर्षं शिकवला की पहिला धडा पार विसरलो. एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द इतकी वर्षं बिनबोभाट बसून राहू शकतो, याचं मला त्या सकाळी इतकं आश्चर्य वाटलं की मी पहिल्या पाकिटात मनुके भरायचेच विसरलो. सुलाबाईंना वाटलं मी रागावलो. त्या दिवसापासून गोडाऊनमध्ये माझं नाव 'धडा सर' पडलं, आणि ते रागाने पडलेलं नव्हतं.

मी तिथे मॅनेजमेंट ट्रेनी होतो. वय एकोणपन्नास. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे तास असला तर प्राध्यापक आणि नसला तर गृहस्थ. वाणिज्य शाखेची एक तुकडी बंद झाली आणि मी पूर्णवेळ गृहस्थ झालो. आडगाव नाक्याच्या पुढे 'रंगनाथ अँड सन्स' ही होलसेल एजन्सी आहे. साबण, बिस्किटं, काडेपेट्या, वॉशिंग पावडर अशा बड्या कंपन्यांचा माल, शिवाय स्वतःच्या छापाचे मनुके, जिरं, खसखस. तिचा मालक रविराज गायखे हा माझा विद्यार्थी. त्याच्या लक्षात मी होतो. तोही माझ्या लक्षात होता, पण मी ते कबूल करत नव्हतो. कारण विपणनाच्या पेपरात मी प्रश्न विचारला होता, 'वस्तू उत्पादकाकडून ग्राहकापर्यंत कशी पोचते ते सविस्तर लिहा. गुण दहा.' रविराजने एकच शब्द लिहिला होता. 'टेम्पोने.' मी शून्य दिला, तो पेपर वर्गात वाचून दाखवला, वर्ग हसला, रविराजही हसला आणि नापास झाला. पुढे दरवर्षी नव्या तुकडीला मी तो किस्सा सांगायचो. नाव न घेता सांगायचो. ही माझी सभ्यता होती असा माझा समज होता.

"सर, तुम्ही या," रविराज फोनवर म्हणाला होता. "तीन महिने ट्रेनी म्हणून सगळं बघा. मग कायम करू." मी म्हणालो, "थँक्यू, सर." तो म्हणाला, "सर, तुम्ही मला सर नका म्हणू, सर." हे आमचं पुढे रोज चाललं. बघणाऱ्याला दोन शिक्षक भांडतायत असं वाटावं. घरी उज्वला, माझी बायको, जिल्हा परिषदेत कारकून आहे, त्यामुळे नेमणुकीच्या शब्दांकडे बारकाईने बघते. तिने माझं एजन्सीचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "एकोणपन्नासाव्या वर्षी ट्रेनी. म्हणजे पंचाहत्तरीला मॅनेजर होशील, मी तेव्हा पेढे वाटीन." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "कायम होईल ना पण?" असंही विचारलं. तिचा तो दुसरा प्रश्न मी रोज सकाळी सिडकोतून द्वारका चौकापर्यंत स्कूटरवर मागे बसवून नेत असे.

मी जे एकोणीस वर्षं शिकवलं होतं ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. पुस्तकात तीन चौकोन होते आणि त्यांना जोडणारे दोन बाण. गोडाऊनमध्ये पहिल्या आठवड्यात मी त्या बाणांच्या आत शिरलो आणि माझी बोलती बंद झाली. सकाळी सातला शटर वर जायचं तेव्हा आतून एक वास बाहेर यायचा. साबण, हिंग, पुठ्ठा, काडेपेटीचं गंधक आणि मनुक्यांचा आंबटगोड दमटपणा, सगळं एकावर एक रचलेलं. छतापर्यंत खोकी. प्रत्येक खोक्यात कुणाची तरी उद्याची आंघोळ, कुणाचा तरी चहाबरोबरचा घास होता, आणि त्या कुणाला त्याची कल्पना नव्हती. घोटीच्या पलीकडे डोंगरात चार घरांच्या वस्तीवर एका बाईने एक रुपयाची शाम्पूची पुडी मागितली की ती मिळते. ही गोष्ट मी जन्मभर गृहीत धरली होती. ती पुडी तिथे आपोआप उगवत नाही. कुणीतरी ती आडगाव नाक्यावर उचललेली असते. हे समजल्यावर काही दिवस मी दुकानासमोरून जाताना नुसता उभा राहायचो. टांगलेल्या पुड्यांच्या माळांकडे बघत राहायचो. लोक मंदिरात तसे बघतात, पण तिथे निदान चपला काढलेल्या असतात.

निफाड लाईनचा टेम्पो गोरक्षचा. तोच चालवतो, तोच ऑर्डर घेतो, तोच माल लावतो. ओझर, सुकेणे, निफाड. दुसऱ्या महिन्यात मी त्याच्याबरोबर फिरलो. त्याच्याकडे वही नव्हती, मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप होतं, पण ते तो रविराजला बरं वाटावं म्हणून भरायचा. खरं सगळं त्याच्या डोक्यात. ओझरच्या धोंडाबाईंच्या दुकानात बिस्किटं डावीकडेच लावायची, कारण उजव्या फळीवर त्यांचं मांजर झोपतं. कुठल्या वाडीत लग्न ठरलंय, म्हणजे तिथे दोन हप्त्यांनी काय लागेल. विमानांच्या कारखान्याची पाळी कधी सुटते, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात फरसाण किती हवं. मी पुस्तकात याला 'मागणीचं पूर्वानुमान' म्हणायचो आणि त्याची सहा वैशिष्ट्यं लिहून द्यायचो. "गोरक्ष, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी विचारलं. "शिकलो नाय सर," तो गिअर टाकत म्हणाला. "दहावा मैल आला की आठवतं." निफाडला शिरताना दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि मागे टेम्पोत आमच्या छापाचे मनुके. ते याच भागातून बेदाण्याच्या शेडमधून आमच्याकडे आलेले, निवडून, पाकिटात बसून पुन्हा इकडेच निघालेले. मी ते बोलून दाखवलं. गोरक्ष म्हणाला, "त्यांचंच त्यांना द्यायचं सर. फक्त सुरकुत्या पडेस्तोवर थांबायचं." मी ते वाक्य लिहून घ्यायला खिशात पेन शोधलं. धक्क्याधक्क्याने ते कुठेतरी पडलं होतं.

पण थक्क होण्याची माझी खरी जागा सुलाबाई होत्या. एकतीस वर्षं त्या याच कामावर. उंची बेताची, नाकात चमकी, उजवा हात डाव्यापेक्षा किंचित रुंद. त्यांचं काम काय, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. रीत अशी होती की खोकं भरलं की सुलाबाई त्यातलं कोणतंही एक पाकीट उचलून तळहातावर घेणार. झेलल्यासारखा हात जरा खाली जाणार, तिथे थांबणार. "बरं," त्या म्हणायच्या. मग दुसरं खोकं. "बरं." त्यांचं 'बरं' झाल्याशिवाय गोरक्ष खोक्याला हात लावायचा नाही. मला आधी वाटलं हा रिवाज आहे, नारळ वाढवण्यासारखा. मग एकदा त्या जिऱ्याच्या खोक्याशी थांबल्या. "हलकं हाय." काट्यावर ठेवलं, नऊ ग्रॅम कमी निघालं. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. बायकांनी पाकीट फोडलं, जिरं घातलं, बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. मी एकटाच तोंड उघडं ठेवून उभा. घरी जाऊन मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर प्रयोग केला. साखरेचा डबा मला पाऊण किलोचा वाटला. उज्वलाने तो माझ्या हातून घेतला आणि सांगितलं, तो रिकामा आहे, सकाळीच धुऊन ठेवलाय.

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा होता आणि माझे तीन महिने त्या दिवशी पुरे होत होते. सकाळी रविराज येऊन म्हणाला, "सर, संध्याकाळी लेटर देतो. कायमचं." आणि तो अंबडला कंपनीच्या मीटिंगला गेला. मी काट्यावर बसलो. निफाड लाईनचे मनुके, पाव किलोची तीनशे पाकिटं. अल्युमिनियमची वाटी ठेवली, बटण दाबलं, शून्य. आता मला धडा बोलून दाखवावा लागत नव्हता. दहाला चहा झाला. बायकांनी चुरमुऱ्यांचा भत्ता आणला होता, त्याला भांडं हवं म्हणून संजनाने, ती त्यांच्यातली सगळ्यांत हसरी, माझी वाटी उचलून नेली. चहानंतर मी बाजूच्या फळीवरून एक स्टीलची वाटी घेतली आणि काम सुरू केलं. रिकामी स्टीलची वाटी ठेवली तेव्हा काट्यावर बावीस आलं. हे मी पाहिलं. मी ते पाहिलं, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे. मला वाटलं, काटा अजून चहातून परतलेला नाही, होईल थोड्या वेळात स्थिर, मुलं होतात तशी. मी मनुके भरत गेलो. अडीचशे दिसलं की पाकिटात, अडीचशे दिसलं की पाकिटात. लय लागली होती. संध्याकाळच्या कागदावर माझं नाव कसं लिहिलेलं असेल, पूर्ण की आद्याक्षरांत, याचा मी विचार करत होतो. सगळी पाकिटं एका ढिगात पडत होती आणि बायका हाताला येईल ते उचलून, सील करून खोक्यात भरत होत्या.

साडेअकराला सुलाबाई खोक्यांशी आल्या. पहिलं, "बरं." दुसरं, "बरं." तिसऱ्याला हात खाली गेला आणि नेहमीच्या जागी थांबला नाही, थोडा वर आला. "हलकं हाय हे." चौथं, "बरं." पाचवं, "हे बी हलकं." बायकांचं बोलणं थांबलं. मी तिसऱ्यातलं पाकीट घेऊन काट्यावर वाटीत ठेवलं. अडीचशे. पाचव्यातलं ठेवलं. अडीचशे. पुन्हा ठेवून पाहिलं, दोनशेएक्कावन्न.

"काटा बघा ना मावशी," संजना हळूच म्हणाली.

"सर, धडा केलता ना?" सुलाबाईंनी मला विचारलं.

"केला की. सकाळीच."

"नीट?"

"तुमच्यासमोर केला, सुलाबाई."

हे सगळं खरं होतं. त्यांनी पाचवं पाकीट पुन्हा घेतलं, डोळे मिटले, मग उघडले. 'बरं' म्हटलेलं एखादं पाकीट काट्यावर ठेवून बघावं, असं कुणालाच सुचलं नाही. बरोबर असलेलं कोण तपासतं? मीही पेपरात बरोबर उत्तरावर नुसती खूण करून पुढे जायचो. सुलाबाईंनी पाकीट खोक्यात ठेवलं आणि हात लुगड्याला पुसला.

"मंग हात गेला माझा," त्या म्हणाल्या.

गोरक्ष दारात उभा होता, तो टेम्पोकडे बघायला लागला. "जाऊ दे ना मावशे," तो म्हणाला. "एखादा दिवस होतं. माझं बी चुकतं की गिअर." "एकतीस वर्सं नाय झालं," सुलाबाई म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही. मग काट्याजवळची आपली चार पदरी घडी घातलेली बसकण उचलून त्या निवडणाऱ्या बायकांच्या ओळीत, शेवटी, भिंतीला लागून बसल्या. खोकी टेम्पोत गेली. त्यांच्या 'बरं'वाचून खोकी गेलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी मनुके निवडायला घेतले ते डाव्या हाताने. उजवा मांडीवर ठेवला होता आणि त्यावर पदराचं टोक ओढून घेतलं होतं.

मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात थोडी ऊब होती. हे लपवण्यात अर्थ नाही. जे मला कधीच जमणार नव्हतं ते आता त्यांनाही जमत नव्हतं, आणि काटा माझ्या बाजूने होता. परीक्षेत हुशार पोराचं एक उत्तर चुकलं की मास्तरला जो एक छोटासा, हळहळीच्या वेष्टनातला आनंद होतो, तो मला ओळखीचा होता. तो आनंद घेऊन मी हात धुवायला मागच्या नळाशी गेलो. तिथे संजना भांडी विसळत होती. तिच्या हातात अल्युमिनियमची वाटी होती आणि वाटीच्या कडेला भत्त्यातलं कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं होतं. मी त्या पानाकडे बघत राहिलो. बावीस. काटा चहाला गेलेला नव्हता. काटा मला सांगत होता. भांडं बदललं होतं आणि धडा जुन्याच भांड्याचा होता. चहानंतरच्या प्रत्येक पाकिटात बावीस ग्रॅम मनुके नव्हतेच, स्टील होतं, आणि ते स्टील इथेच फळीवर होतं. सुलाबाईंच्या तळहाताने बावीस ग्रॅम नसणं ओळखलं होतं. असणं नव्हे. नसणं. नळ वाहत होता आणि संजना म्हणत होती, "सर, हात धुताय ना?"

तिथून काट्यापर्यंत पंचवीस पावलं असतील. त्या पंचवीस पावलांत मी बराच विचार केला आणि त्यातला बहुतेक माझ्याबद्दल होता. पाव किलोच्या पाकिटाचं वजन घरी कोण करतं? कुणीही नाही. संध्याकाळी लेटर होतं. उज्वलाने दोन बहिणींना आधीच सांगितलं होतं. एका बाईचा हात गेला असं सात बायकांना वाटलं, तर उद्या परवा त्या विसरतील. त्या विसरणार नव्हत्या. सुलाबाई तर नाहीच. त्या उद्याही डाव्या हाताने निवडतील आणि मी काट्यावर बसेन, कायम. 'कायम' हा शब्द मला त्या क्षणी पहिल्यांदा जसा आहे तसा ऐकू आला.

"सुलाबाई," मी म्हणालो, उभं राहून, वर्गात बोलतो तसं, कारण मला दुसरं काही येत नाही. "तुमचा हात बरोबर होता. चहानंतर मी वाटी बदलली आणि धडा केला नाही. काट्याने बावीस दाखवलं होतं. मी ते पाहिलं होतं."

मला वाटलं होतं आता शांतता होईल, कुणीतरी डोळ्याला पदर लावेल. सुलाबाई ताडकन उठल्या. "आन् पाकिटं? ती गेली की लोकांत!" त्या चपला शोधायला लागल्या. "संजने, फोन लाव त्या गोरक्षला. म्हणावं हाय तिथं उभा ऱ्हा. आवो सर, बघता काय, गाडी काढा!" माझ्या कबुलीजबाबाला यापेक्षा जास्त वेळ मिळाला नाही.

गोरक्ष ओझरला पोचला होता, धोंडाबाईंच्या दुकानाशी. एकही खोकं अजून उतरवलेलं नव्हतं. मग मी रविराजला फोन लावला आणि सगळं सांगितलं, वाटीसकट, बाविसासकट. पलीकडे मीटिंगचे आवाज होते, मग दार लागल्याचा आवाज, मग फक्त तो.

"म्हणजे मावशींचा हात ठीक आहे," तो म्हणाला.

"एकदम."

"बरं झालं. मी घाबरलो होतो, संजनाने मेसेज केला तेव्हा." मग म्हणाला, "हलकी पाकिटं वेगळी करून परत आणायला लागतील. सर, कशी आणणार?"

मी उत्तराची वाक्यरचना जुळवत होतो. मुद्दे सुचत होते, पहिला, दुसरा. मग मी ते सगळं सोडून दिलं.

"टेम्पोने," मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी एवढंच लिहिलं होतं, सर," रविराज म्हणाला.

"हो, सर."

"लेटर आज नको. अजून तीन महिने ट्रेनिंग करू."

"एटीकेटी," मी म्हणालो.

"तेवढंच," तो म्हणाला. "मलाही तेच लागलं होतं. निघतं त्यातून." आणि त्याने फोन ठेवला, मीटिंगमध्ये जायचं होतं त्याला.

हेल्मेट एकच होतं, ते मी सुलाबाईंना दिलं. त्यांनी ते पदरावरून घातलं. त्या एका बाजूला बसल्या, मागच्या दांडीला धरून, आणि हायवेवर प्रत्येक ट्रकला "आला रे आला" म्हणत होत्या. दहाव्या मैलाजवळ म्हणाल्या, "सर, तुमाला नोकरीवरून काढलं का?" मी म्हणालो, "नाही. नापास केलं." त्यावर त्यांनी जरा विचार केला. "मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "नापास झालेला परत येतो."

धोंडाबाईंच्या दुकानासमोर गोरक्षने टेम्पोचा फाळका पाडून ठेवला होता आणि त्यावर दहा खोकी उघडून लावली होती. मी म्हटलं, दुकानातल्या काट्यावर एकेक करून बघू. धोंडाबाईंनी काट्यावरचं मांजर उचललं, ते जाऊन बिस्किटांवर बसलं. "तीनशे?" गोरक्ष म्हणाला. "मावशे, तूच बघ ना." सुलाबाईंनी पाणी मागितलं. उजवा हात धुतला, कोरडा केला, बोटं ताणली आणि तो रिकामा हात समोर हवेत धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"दे की मावशे, सुकेणं गाठायचंय मला," गोरक्ष म्हणाला.

"थांब रं. धडा हू दे."

तेवढ्यात डोक्यावरून कारखान्याचं एक विमान गेलं, इतकं खालून की धोंडाबाईंच्या दुकानातल्या पुड्यांच्या माळा थरथरल्या. ओझरला वर कुणी बघत नाही. मी बघितलं. विमान दिसेनासं झालं, आवाज मागून गेला, आणि सुलाबाईंचा हात तसाच, त्या आवाजाचं वजनही उतरून जाईपर्यंत. मग त्या म्हणाल्या, "हां."

गोरक्ष देत गेला, त्या घेत गेल्या. "बरं. हलकं. हलकं. बरं. हलकं." बरं उजवीकडे, हलकं डावीकडे. मी काट्याशी उभा राहून प्रत्येक पाकीट तपासत होतो. अडीचशे. दोनशेअठ्ठावीस. दोनशेअठ्ठावीस. अडीचशे. दोनशेअठ्ठावीस. विसाव्या पाकिटाशी मी थांबलो. काट्याला तपासण्यात काही अर्थ नव्हता, तो त्यांच्याशी सहमत होत होता. मी काट्याकडे पाठ केली आणि नुसता त्या हाताकडे बघत राहिलो. हात खाली जायचा, थांबायचा, शब्द यायचा. दर वेळी तो पुन्हा रिकामा व्हायचा, आधीच्या पाकिटाचं काहीही त्याच्यात उरलेलं नसायचं, आधीच्या एकतीस वर्षांचंही नाही. दुकानाशी माणसं जमली. साबण घ्यायला आलेली एक बाई साबण विसरली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय चाल्लंय?" धोंडाबाई म्हणाल्या, "गप बसा, मोजणं चाल्लंय," आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, "मोजणं नाय. बघणं." दीडशेच्या वर पाकिटं हलकी निघाली. शेवटचं उजवीकडे ठेवून सुलाबाईंनी मनगट झटकलं आणि चहा मागितला.

चहा होईपर्यंत मी उजवा हात पुढे केला. का केला मला माहीत नाही. सुलाबाईंनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घड्याळ काढा आधी."

मी घड्याळ काढलं.

"आंगठी."

अंगठी काढली, खिशात टाकली. तळहात वर करून मी ओझरच्या भर रस्त्यावर उभा राहिलो. गोरक्ष हसू दाबत खोकी बांधत होता. हात हलका वाटेना. बोटं आपोआप वाकत होती, मधल्या बोटाजवळ खडूच्या जागी एक घट्टा होता, तो जड होता. खांदा काहीतरी सांगायच्या तयारीत होता. मी त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. सुलाबाईंनी एक पाकीट माझ्या हातावर ठेवलं.

"सांगा."

"हलकं," मी म्हणालो.

त्यांनी ते उचलून धोंडाबाईंच्या काट्यावर ठेवलं. अडीचशे.

"घाई केली," सुलाबाई म्हणाल्या. पाकीट उजवीकडच्या खोक्यात टाकलं आणि बशीत चहा ओतला. "अजून धडा झाला नाय तुमचा. धरा तसाच."

मी हात तसाच धरून उभा राहिलो.